सिलहदी आणि पाचवं मत

कॉर्क, ९ ऑक्टोबर २०२५

वृंदा,

हे माफीचं पत्र नाही. तसं समजून उघडलं असशील तर इथेच घडी घालून ठेवून दे. एकोणीस वर्षं आपण बोललो नाही, आणखी एकोणीस निघतील, माझी काही तक्रार नाही. मला फक्त एक गोष्ट विचारायची आहे आणि ती तुझ्याइतकी नीट दुसरं कोणी सांगेल असं वाटत नाही. पत्ता तुझ्या भाचीकडून काढला. तिला रागावू नकोस. पेन्शनच्या कागदांचं काम आहे असं मी तिला खोटंच सांगितलं.

हे गेल्यानंतर मी लेकीकडे, अक्षयाकडे राहायला आले. ती इथल्या रिंगास्किडीला औषधांच्या कंपनीत आहे. मी बरी आहे. गुडघे सोडले तर सगळं जागेवर आहे.

झालं असं की गेल्या शनिवारी इथल्या मराठी मंडळाचा दसरा होता. मंडळाचा सुश्रुत म्हणून मुलगा आहे, पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. त्याने कुठून तरी ऐकलं होतं की मी खानव्याची लढाई फार रंगवून सांगते. 'काकू, तासभर बोला, लोकांना जरा स्फुरण चढू दे.' मी बोलले. हातात कागद नाही. राणा सांगाचा गेलेला डोळा, गेलेला हात, अंगावरचे ऐंशी घाव, सगळं. मग तो क्षण, तुला माहीतच आहे, जिथे मी आवाज खाली आणते आणि सिलहदी आपले तीस हजार स्वार घेऊन भर लढाईत शत्रूला, बाबराला, मिळतो.

प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. निहारिका. नागपूरची, इथल्या विद्यापीठात इतिहासात पीएचडी करते.

'मॅडम, सिलहदी फितूर झाला हे त्या वेळच्या कोणत्या साधनात आहे?'

मी म्हटलं, 'बाळ, हे सगळ्या हिंदुस्थानला ठाऊक आहे.'

'ठाऊक आहे, मॅडम. पण त्या वेळी लिहिलंय कोणी?'

लोक हसले. एकतीस वर्षांत माझ्या वर्गात त्या ठिकाणी कोणी हसलं नव्हतं.

शाळेत आपण नव्या होतो तेव्हा स्टाफरूममध्ये तू एकदा मला म्हणाली होतीस, 'स्नेहल, ते सिलहदीचं वर्गात जरा जपून सांग.' मी का म्हणून विचारलं नाही. आज विचारते आहे. तुझं एमएचं टिपण तू फेकलं नसणार. एवढ्या एकाच प्रश्नाचं उत्तर पाठव. बाकी काही लिहायची गरज नाही.

स्नेहलता

कॉर्क, २ नोव्हेंबर २०२५

वृंदा,

पहिलं पत्र तुला मिळालं की नाही, कोण जाणे. तरी लिहिते, कारण आज ती मुलगी घरी आली होती.

अक्षयाने मला न विचारता तिला जेवायला बोलावलं. मी भाजी चिरत होते, तोंड वर केलं नाही. जेवणं झाल्यावर तिने पिशवीतून विद्यापीठाच्या लायब्ररीतलं जाडजूड पुस्तक काढलं. बाबराने स्वतः लिहून ठेवलेल्या मजकुराचं भाषांतर. म्हणाली, 'काकू, मला तुमचा अपमान करायचा नव्हता. आपण दोघी मिळून वाचू या का?'

मी चष्मा आणला. घाबरते की काय तिला.

त्यात बाबराच्या विजयानंतर लिहिलेलं पत्र आहे. शत्रूकडे कोण कोण होतं, कोणाचा किती मुलूख, याची यादी दिली आहे. सिलहदी त्यात आहे. तीस हजार स्वार पोसेल एवढा मुलूख असलेला. यादीत तो राण्याच्या बाजूला आहे आणि पुढे तो बाबराला मिळाला, असा एक शब्द नाही.

मी म्हटलं, 'जिंकणारा कशाला लिहील? आपल्या विजयाचं श्रेय तो फितुराला देईल का?'

ती म्हणाली, 'अगदी बरोबर. म्हणून मी फितुरी झालीच नाही असं म्हणत नाही. मी म्हणते, पुरावा नाही. गोष्ट पुढच्या काळातल्या हकिकतींत येते. त्यांत सिलहदी आधी तहाची बोलणी करायला जातो आणि मग फुटतो. जो बोलणी करायला गेला त्याच्यावरच संशय, काकू. हे सोपं असतं.'

मी उठून चहा ठेवला.

मग तिने आणखी एक पान काढलं. वृंदा, हे तुला माहीत होतं का? लढाईच्या आधी माणसं पळाली ती बाबराकडची. बयाण्याला राणा जिंकला, त्याचा धसका घेऊन बाबराकडचे हिंदुस्थानी सरदार एकेक करून निघून गेले. एक तर सरळ राण्याला जाऊन मिळाला. त्यात कोणी ज्योतिषी येऊन सांगू लागला की तुमचा पराभव ठरलेला आहे. हे सगळं बाबराने स्वतः लिहून ठेवलंय. म्हणजे ज्याची माणसं फुटली तो जिंकला.

'मग राणा हरला का?' मी विचारलं. पाचवीतल्या मुलीने विचारावं तसं.

'बयाण्यानंतर राण्याने तीन-चार आठवडे जाऊ दिले. तेवढ्यात बाबराने खंदक खणले, गाडे साखळ्यांनी बांधले, मध्ये घोडे निघतील एवढ्या फटी ठेवल्या, मागे तोफा आणि बंदुका लावल्या. राजपूत घोडदळ समोरून त्या गाड्यांवर धडकत राहिलं आणि दोन्ही बाजूंनी वेढलं गेलं. राण्याला बाण लागला, त्याला मैदानातून बाहेर काढलं. कोणी धोका दिला नसता तरी हेच झालं असतं, असं मला वाटतं.'

तुला मी ओळखते. हे वाचून मनात म्हणशील, आली का ताळ्यावर. नाही. सिलहदीचं सिलहदीपाशी. आपल्या शाळेचा विषय वेगळा आहे आणि त्यात मी तसूभरही हललेले नाही. मुलींचं मैदान दुकानांच्या गाळ्यांसाठी द्यायचं की नाही, यावर नऊ जणांच्या कमिटीत मतदान झालं. मैदान देऊ नये म्हणून मला पाच मतं मिळणार होती, चार मिळाली. मतदानाच्या दोन दिवस आधी तू सेक्रेटरी दिघ्यांच्या घरी चहा पीत बसली होतीस, हे आपल्याच शिपायाने पाहिलं. मतदान गुप्त होतं, त्यामुळे पाचवं मत कोणाचं फिरलं हे कोणालाच कधी सांगता येणार नाही. मी जे समजायचं ते समजले.

आणि स्नेहसंमेलनात मी तुझं नाव घेतलं नव्हतं. मी खानव्याची गोष्ट सांगितली. एवढंच.

स्नेहलता

कॉर्क, ३० नोव्हेंबर २०२५

वृंदा,

तुझं कार्ड मागच्या आठवड्यातल्या शुक्रवारी आलं. चार ओळी. अक्षर तसंच आहे, शिरोरेघ पट्टीने मारल्यासारखी.

'सिलहदीच्या फितुरीला समकालीन आधार नाही. मी हे तुला १९८३ साली सांगितलं होतं. दिघ्यांकडे मी निम्मं तरी मैदान वाचतं का ते बघायला गेले होते. गुडघ्यांना तीळतेल लाव.'

शेवटची ओळ लिहायची काही गरज होती का? चांगलं भांडता येत नाही माणसाला.

आठवडाभर कार्ड टेबलावर होतं. नात रेवती दहा वर्षांची आहे, तिला मराठी कळतं पण वाचता येत नाही. तिने विचारलं, 'इज इट फ्रॉम युअर फ्रेंड, आजी?' मी हो म्हटलं. ती म्हणाली, 'दॅट्स ग्रँड.' आणि गेली खेळायला. तेव्हा मी बसले लिहायला.

गेल्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. पाचवं मत कोणाचं हे कोणालाच सांगता येणार नाही, असं. मला बारा वर्षांपासून माहीत आहे.

२०१३ साली मालेगावला एका लग्नात प्रल्हादराव ताम्हाणे भेटले. आपल्या कमिटीवर होते ते. तेव्हा काठी घेऊन चालायचे. पंगतीत शेजारी बसले. मी सहज म्हटलं, 'त्या वेळी एका मताने गेलो आपण, प्रल्हादराव.' त्यांनी पानातला हात थांबवला.

'बाई, आपण म्हणू नका. मी तुम्हाला मत दिलं नव्हतं.'

मी त्यांच्याकडे वळले.

'आणि मी ते लपवलंही नव्हतं. मतदानाच्या आठ दिवस आधी मुख्याध्यापिकांच्या ऑफिसात तुमच्याकडे आलो होतो. म्हटलं, बाई, इमारतीचं छत गळतंय, दुसरा मार्ग दिसत नाही, मी तुमच्या बाजूने उभा राहू शकणार नाही. तेवढ्यात माजी विद्यार्थिनी हार घेऊन आल्या आणि तुम्ही उठलात. मला म्हणालात, बसा, आलेच. मी अर्धा तास बसलो आणि गेलो.'

ते खरं सांगत होते. हार घालणाऱ्या मुली मला आठवत होत्या, पिवळ्या साड्यांमधल्या. प्रल्हादराव खुर्चीत बसलेले आठवत होते. ते काय म्हणाले तेवढं मी ऐकलं नव्हतं.

म्हणजे मतदानाच्या आधीच माझी मतं चारच होती. मी, तू आणि आपल्या बाजूचे ते दोघे सभासद. फितूर कोणी झालंच नाही. मतदानाच्या आधी गाळ्यांना शिक्षणाधिकाऱ्यांकडून स्थगिती आणली तेव्हा आपण जिंकलो होतो. त्यानंतरचा महिना मी सत्कार घेत फिरले. मिरवणूक काढली, लेझीम नाचवलं. तेवढ्या महिन्यात दिघे एकेका सभासदाच्या घरी जाऊन आले. तू मला दोनदा म्हणालीस, 'स्नेहल, मतं मोजून घे, प्रल्हादरावांकडे एकदा जाऊन ये.' मी म्हटलं, मी कोणाच्या दारात जाणार नाही, सत्य माझ्या बाजूला आहे.

दिघे बुद्धिमान होते, वृंदा. मला ते कधी कबूल करता आलं नाही.

आणि जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात सहाशे मुलींसमोर मी खानव्याची गोष्ट सांगितली. सिलहदी शब्द उच्चारताना शिक्षकांच्या रांगेत तुझ्याकडे बघितलं, आणि बघत राहिले. मुली मूर्ख नसतात. दुसऱ्या दिवशी तुझ्या टेबलावर कर्कटकाने ते नाव कोरलेलं होतं. मी ते पाहिलं, आणि सुताराला बोलावलं नाही. जूनमध्ये तू राजीनामा देऊन धुळ्याला गेलीस.

प्रल्हादराव भेटल्यावरही मी बारा वर्षं गप्प राहिले. का, हे मी स्वतःला नीट विचारलं. तू फितूर असलीस तर मी हरले नव्हते, मला हरवलं गेलं होतं. त्यावर मी निवृत्तीपर्यंतची सगळी भाषणं दिली.

अजूनही हे माफीचं पत्र नाही. माफी मागितली की समोरच्याला ती द्यावी तरी लागते, नाही तर नाकारावी तरी. तुझ्यावर तेवढंही काम टाकायचा मला हक्क नाही. शब्द मी टाकला, उचलायचा मीच. तो कसा उचलायचा ते मी ठरवते आहे.

तीळतेल इथे मिळतं. आणलं.

स्नेहलता

कॉर्क, १४ डिसेंबर २०२५

वृंदा,

काल बोलले.

सुश्रुतला मी फोन करून म्हटलं, खानव्यावर मला पुन्हा बोलायचंय, आणि आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थिनींच्या ग्रुपवर लिंक पाठवायची आहे. तो खूश झाला. मग मी काय बोलणार ते सांगितलं. त्याचा चेहरा फोनमधूनही दिसला.

'काकू, लोकांना फितुरीची गोष्ट आवडते. ती काढली तर उरतं काय?'

'पराभव उरतो.'

'तेच म्हणतोय. शनिवारी संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन पराभव ऐकायला कोण येणार?'

'मग तू हॉल देऊ नकोस. मी घरातून बोलेन.'

तो चांगला मुलगा आहे. हॉल दिला. दसऱ्याला होता तोच, जीएए क्लबचा, त्या आयरिश खेळांच्या क्लबचा, भिंतीवर त्यांचे जिंकलेल्या संघांचे फोटो. चाळीसेक माणसं आली. स्क्रीनवर आपल्या मुली, आता कोणी डॉक्टर, कोणी स्वतः आजी झालेल्या. शर्वाणी होती, सुरुची होती. सुरुची पहिल्या बाकावर बसायची, ती. तुझं नाव मी शोधलं. नव्हतं.

मी राण्याला कुठेही लहान केलं नाही. घाव सांगितले, शपथ सांगितली, की जिंकल्याशिवाय चितोडला परत जाणार नाही. मग गाडे सांगितले, साखळ्या सांगितल्या, वाया गेलेले आठवडे सांगितले. आणि म्हटलं, 'सिलहदीबद्दल मी तुम्हाला एकतीस वर्षं जे शिकवलं त्याला त्या काळचा पुरावा नाही. मला ते १९८३ साली सांगण्यात आलं होतं. मी ऐकलं नाही, कारण गोष्ट छान होती.'

मागून एक गृहस्थ उठले. डब्लिनच्या बाजूला, डून लेरीला राहतात, खास गाडी करून आले होते. म्हणाले, 'बाई, आपल्या शूरांचा असा पाणउतारा करायला आम्ही इथे आलो नाही. फितुरी नव्हती म्हणजे काय, राणा कमी पडला म्हणता?'

'हो,' मी म्हटलं, 'त्या दिवशी कमी पडला. शूर माणूसही कमी पडतो. आपल्याला कोणीतरी फसवलं एवढंच सांगत राहिलो, तर पुढच्या लढाईत गाडे कसे ओलांडायचे हे कोणी शिकणार नाही.'

ते गेले. त्यांच्याबरोबर आणखी आठ-दहा माणसं गेली. खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. मी थांबले नाही. खरं सांगू, मला बरं वाटलं. पस्तिशीत वाटायचं तसं.

मग स्क्रीनकडे वळून दुसरी गोष्ट सांगितली. मैदान, नऊ मतं, प्रल्हादराव, पिवळ्या साड्या. तुझं नाव पूर्ण घेतलं, वृंदा केळकर, उपमुख्याध्यापिका, आणि सांगितलं की तिचं मत मला होतं. तिला सिलहदी म्हटलं ते मी. तुम्ही टेबलावर कोरलंत ते माझ्या डोळ्यांकडे बघून.

मग सुरुचीने आवाज चालू केला. ती आता पन्नाशीकडे चाललीय, पण आवाज तसाच.

'बाई, ते मी कोरलं होतं.'

ती रडत नव्हती. उलट रागावली होती. म्हणाली, 'मी तेव्हा आपल्याच शाळेच्या वसतिगृहाची रेक्टर होते, सातवी-आठवीतली पोर नव्हते. तुमच्यावर विश्वास होता म्हणून कोरलं. मी शिकत असताना वृंदाबाईंनी माझी फी माफ करून घेतली होती. आता मी त्यांना तोंड कसं दाखवू?'

मी म्हटलं, 'मला माहीत नाही, सुरुची.'

तिने कॅमेरा बंद केला. तिचा राग मला योग्य वाटला. तो मी समजुतीचे शब्द बोलून घालवणार नाही.

निहारिका निघताना दारात थांबली. म्हणाली, 'काकू, मी फक्त साधन विचारलं होतं.' तिला वाईट वाटत होतं. मी म्हटलं, विचारत जा.

तुला न विचारता तुझी गोष्ट चारचौघांत सांगितली, याचा राग येईल. येऊ दे. तुझी बदनामी करताना मी तुला विचारलं नव्हतं, ती पुसताना परवानगी मागत बसले असते तर आणखी वर्षं गेली असती. तरीही रागावायचा तुला हक्क आहे, आणि या वेळी तू कार्ड न लिहिता पानभर लिहावंस.

स्नेहलता

कॉर्क, ५ जानेवारी २०२६

वृंदा,

तुझं काही आलं नाही. पोस्टाला उशीर होतो हे मला कळतं, आणि तू लिहिलंच नसशील हेही कळतं. दोन्ही चालेल.

मी शाळेला पत्र घातलं होतं. या महिन्याच्या चोवीस तारखेला स्नेहसंमेलन आहे. दहा मिनिटं मागितली होती, त्याच स्टेजवर. आत्ताच्या मुख्याध्यापिका तन्वी जाधव, मी त्यांना ओळखत नाही. उत्तर आलं आहे, अगदी नम्र. जुने विषय विद्यार्थिनींपुढे नकोत, संस्थेची प्रतिमा, वगैरे. चहाला जरूर या, म्हणतात.

त्यांचंही बरोबर असेल. त्या सहाशेतली एकही मुलगी आता त्या शाळेत नाही, असं अक्षयाही म्हणाली. 'आई, ऑनलाइन सांगून झालं ना? आता गुडघे घेऊन एवढा प्रवास कशाला?' मी तिला म्हटलं, ऑनलाइन त्यांनी ऐकलं ज्यांच्याकडे लिंक होती. गावात अजून भाजीवाल्यापासून तलाठ्यापर्यंत लोक तुला त्याच नावाने ओळखतात. तू बहिणीच्या तेराव्यालासुद्धा गावात आली नाहीस, हे मला तुझ्या भाचीने सांगितलं. तिला मी पेन्शनचं खोटं बोलले होते, ते मी परवा फोन करून कबूल केलं. तेव्हा ती बोलली.

अक्षयाने लॅपटॉप उघडला आणि तिकीट काढलं.

मी एकवीसला मुंबईत उतरते, तेवीसला गावात. तू यावंस म्हणून तारीख लिहीत नाही. तू येऊ नयेस म्हणूनही नाही. तुझ्या नावाचं काम आहे म्हणून तुला तारीख माहीत हवी.

चोवीसला संध्याकाळी पाच वाजता स्नेहसंमेलनाला गाव लोटतं. सगळे त्या एकाच फाटकातून आत जातात, डाव्या हाताला गाळे, जिथे आपलं मैदान होतं. स्टेज त्यांचं आहे, त्यांनी द्यावं न द्यावं. फाटकाबाहेरचा रस्ता नगरपालिकेचा आहे. मी तिथे उभी राहीन आणि माईक न घेता सांगेन.

स्नेहलता